तोंड उघडं ठेवायचं भांडं

आठल्यांच्या धाकट्या मुलीला ताप आला तेव्हा आठल्ये सायकल मारत डॉक्टरांकडे गेले आणि दारातूनच म्हणाले, "डॉक्टरसाहब, तीन सौ बारह है."

"क्या तीन सौ बारह?"

"बुखार."

डॉक्टरांनी त्यांना खुर्चीवर बसवलं, प्यायला पाणी दिलं आणि आधी त्यांचीच नाडी पाहिली.

ही हकीकत जयपूरच्या मराठी मंडळींत बरीच वर्षं चालली, आणि सांगणाऱ्यांनी आकडा वाढवत वाढवत पाचशेवर नेला. मी हिशेब तपासणीच्या खात्यातला माणूस. चुकीचा आकडा मला सोसत नाही. तो तीनशे बाराच होता आणि अगदी बरोबर होता. आठल्ये तापमान शून्यापासून मोजत, पण ते शून्य आपलं नव्हे. बर्फ होतो ते शून्य त्यांच्या मते पोरखेळ. खरं शून्य त्याच्या दोनशे त्र्याहत्तर अंश खाली, जिथे थंडीच संपते आणि त्याहून गार काही होऊच शकत नाही. तिथून मोजलं की धडधाकट माणूस तीनशे दहा, मुलगी तीनशे बारा आणि मे महिन्यातलं जयपूर तीनशे अठरा.

"म्हणजे बर्फसुद्धा दोनशे त्र्याहत्तर?" मी एकदा विचारलं.

"मग? बर्फ म्हणजे विस्तवच की हो, दामले!"

मोरेश्वर आठल्ये मूळचे रत्नागिरीकडचे. एका कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. पन्नास सालानंतर कधीतरी ते जयपूरला आले आणि तिथेच राहिले. माझी बदली तिकडे झाली तेव्हा तिलक नगरात त्यांच्या समोरचं घर मला मिळालं. उंच, काटकुळे, आणि उन्हाळ्यात डोक्याला कायम एक ओला पंचा गुंडाळलेला. त्याला तिकडे गमछा म्हणतात. विद्यार्थी त्यांना 'बर्फवाले माटसाब', म्हणजे बर्फवाले मास्तर, म्हणत. हे त्यांना मुळीच आवडत नसे. बर्फ त्यांना फार ऊन वाटे, हे कारण.

ते बोलत फार. सकाळी दूध घ्यायला दाराशी आले की दूधवाल्याची म्हैस कंटाळून पुढे निघून जाई. मालतीवहिनी आतून ओरडत, "अहो, दूध नासेल!" त्यावर ते तिथूनच दूध का नासतं ते सांगू लागत.

त्यांचं आयुष्यात एकच मागणं होतं. जयपुरात द्रवरूप हेलियम आणायचा आणि त्यात आपण बनवलेला थर्मामीटर बुडवून पाहायचा. हेलियम म्हणजे फुग्यात भरतात तो वायू. तो सगळ्यात शेवटी, सगळ्यात खाली जाऊन द्रव होतो, खऱ्या शून्याच्या वर जेमतेम चार अंशांवर. एवढ्या थंडीत पाराही दगड होतो, म्हणून नेहमीचा थर्मामीटर तिथे कामाचा नाही. हेलियम द्रव करायचं यंत्र दिल्लीला होतं. आठल्यांकडे कॉलेजातली एक लांबट खोली, हवा ओढणारा एक पंप, काही काचसामान आणि भंवरलाल नावाचा चौमू गावचा शिपाई, एवढंच भांडवल.

थर्मामीटर मात्र त्यांनी घरातल्या घरात मिळवला. रेडिओच्या पोटात विजेला अडवणारे बोटाच्या पेराहून लहान असे तपकिरी तुकडे असतात. हा तुकडा गार करत गेलं की तो विजेला अधिकाधिक अडवतो, आणि अगदी तळाच्या थंडीत तर हट्टालाच पेटतो. किती अडवतो ते मोजलं की किती थंडी आहे ते कळतं. चौडा रास्ता नावाच्या बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून आठल्यांनी असे मूठभर तुकडे आणले आणि सगळे तपासले. एकही पसंत पडला नाही. पसंत पडला तो मालतीवहिनींच्या रेडिओतला.

संध्याकाळी वहिनींनी गाणी ऐकायला खटका दाबला तर रेडिओ गप्प. त्यांनी मागचं झाकण उघडून पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"कुठे गेलं यातलं?"

"संशोधनाला."

"परत कधी येणार?"

"हेलियम आला की लगेच!"

या उत्तरानंतर दोन उन्हाळे गेले. दिल्लीवाल्यांच्या यंत्राची पाळी कधी मिळे, कधी हुके. तोवर त्या घरात गाणं आठल्येच म्हणत, आणि वहिनी समोर आमच्याकडे रेडिओ ऐकायला येत.

गणपतीत आम्हा दहा-बारा मराठी घरांचा मिळून उत्सव असे. एका वर्षी आठल्यांचं भाषण ठेवलं, विषय 'थंडी'. तेव्हा वहिनींच्या माहेरची पाच माणसं जयपूर पाहायला म्हणून आली होती आणि तीन आठवडे झाले तरी पाहून संपलं नव्हतं.

आठल्ये उभे राहिले. "थंडी नावाची वस्तूच नाही. आहे ती फक्त उष्णता. थंडी करायची म्हणजे उष्णतेला घराबाहेर काढायचं आणि पुन्हा आत येऊ द्यायचं नाही. आता ही उष्णता कशी? ती चोर नव्हे. चोर काम झालं की निघून जातो. उष्णता म्हणजे नातेवाईक! दार दिसलं की येणार, भिंतीला हात लावून येणार, हवेबरोबर येणार. आणि काहीच जमलं नाही तर लांबून नुसती बघत बसेल आणि तेवढ्यानंही आत शिरेल."

पहिल्या रांगेत मेहुणे बसले होते. त्यांनी पान चघळायचं थांबवलं.

"म्हणून आमच्या भांड्याला दोन भिंती. मधली हवा काढून टाकलेली, म्हणजे चालत यायची सोय नाही. भिंतींना आतून चांदीचा मुलामा, म्हणजे बघितलेलं सगळं परत. आणि मान लांब, बारीक. इतकं करूनसुद्धा, मंडळी, थोडे येतातच!"

दुसऱ्या दिवशी पाहुणे गाडीत बसले. वहिनी चार दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींना म्हणाल्या, "बोलले ते वाईटच. पण स्वयंपाकघर मोकळं झालं हो."

त्या भाषणात आठल्यांनी आणखी एक गोष्ट तीनदा बजावली होती, आणि ती पुढे कामाला येणार असल्यानं इथे सांगतो. या भांड्याचं तोंड कधीही बंद करायचं नाही. हेलियम सारखा थोडाथोडा उकळत असतो आणि एका लिटरचा जवळजवळ सातशे लिटर वायू होतो. त्याला जायला वाट हवी. तोंडात जरा ओल गेली तर ती गोठते, बूच बसतं आणि भांड्याचा बॉम्ब होतो. म्हणून तोंडावर रबराची एक चिरलेली नळी बसवतात. आतला वायू त्या चिरेतून फुसफुसत बाहेर येतो, बाहेरची हवा आत जात नाही. "घरातलं प्रत्येक भांडं झाका," ते म्हणाले, "पण हे नाही. याचं तोंड माझ्यासारखं. बंद केलंत की फुटलंच!"

भंवरलालला तर हे रोज ऐकावं लागे. "भंवरलाल, ढक्कन?" असं आठल्ये ओरडले की तो असेल तिथून आपल्या बोलीत 'नाही' म्हणून ओरडे, "कोनी, माटसाब!"

तिसऱ्या उन्हाळ्यात प्रिन्सिपलसाहेबांनी त्यांना बोलावलं. सभ्य, मिशाळ गृहस्थ, इतिहासाचे. म्हणाले, "आठल्येजी, दो साल से आप का कमरा देख रहा हूँ. सबसे गरम कमरा वही है. इस सेशन में कुछ ठंडा कर के दिखाइए, नहीं तो वहाँ हॉकी का सामान रखवा देंगे."

आठल्ये त्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले. आमच्या घरच्यांनी लिंबाचं सरबत करून दिलं.

"दामले, खोली गेली तर मी काय करू हो? मुलांना फळ्यावर शून्य काढून दाखवू?"

मग नशीब फिरलं. दिल्लीहून तार आली. मेच्या दुसऱ्या आठवड्यात पाच लिटर मिळेल, घेऊन जा. आठल्ये कॉलेजची जीप आणि भंवरलाल यांना घेऊन गेले. जाण्यापूर्वी मला म्हणाले, "परत आलो की तुम्ही यायचं. आकडे वाचायला."

"मला त्यातलं काय कळतंय?"

"म्हणूनच! भौतिकशास्त्रवाल्याला काय दिसायला हवं ते आधीच ठाऊक असतं, मग त्याला तेच दिसतं. तुम्हाला काहीच ठाऊक नाही. तुम्ही जे असेल तेच वाचाल."

ही माझी स्तुती होती की काय, ते मी अजून ठरवलेलं नाही.

जीप दिल्लीहून पहाटे निघाली आणि दुपारी जयपूरला पोचली. मागे दोन्ही बाजूंना गाद्या, मधे कमरेएवढं चकचकीत भांडं, आणि भांड्याच्या गळ्यात लिंबू-मिरच्यांची माळ. ड्रायव्हरने बांधली होती. वाटेत आठल्यांनी त्याला समजावलं होतं की नुसत्या बघण्यानंही याचं नुकसान होतं. हे तो जन्मापासून जाणत होता. कोटपूतलीला चहासाठी थांबले तिथे त्याने उपाय केला. आठल्यांनी माळ काढली नाही. "मुलामा आहेच," म्हणाले, "वर ही असली तर असू दे."

आम्ही सगळे खोलीत जमलो. वहिनी डबा घेऊन आल्या होत्या. प्रिन्सिपलसाहेब पाच वाजता येणार होते. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे आत किती शिल्लक आहे ते पाहायचं. त्यात डोकावता येत नाही आणि काठीही घालता येत नाही. आठल्यांकडे एक लांब बारीक नळी होती, तिच्या वरच्या टोकाला पातळ रबराचा पडदा. नळी भांड्यात सोडायची आणि पडद्यावर अंगठा ठेवायचा. खालचं टोक द्रवाच्या वर असेपर्यंत पडदा माशीसारखा भुणभुणतो. टोक द्रवात बुडालं की भुणभुण एकदम मंद होते. तिथे खूण करायची.

त्यांनी तोंडावरची चिरलेली नळी काढली, मोजायची नळी आत सोडली, अंगठा टेकवला आणि डोळे मिटले.

"डॉक्टरेट घेतलेला मी एकच अंगठाबहाद्दर," ते म्हणाले. मग डोळे उघडले. "चार लिटर! चार आहे, दामले! दिल्ली ते जयपूर, मेच्या उन्हात, आणि एकच गेलं!"

त्यांनी नळी बाहेर ओढली, चिरलेली नळी परत बसवायची तेवढ्यात आंधी आली.

जयपूरची आंधी पाहिलेल्या माणसाला ते सांगायला नको. पश्चिमेकडून तपकिरी भिंत येते आणि दिवसाउजेडी अंधार होतो. त्या खोलीच्या दोन खिडक्यांना काचा नव्हत्या. वाळू आत घुसली, कागद उडाले, दार आपटलं. मी एका खिडकीला पाठ लावली, भंवरलालने दुसरीला, वहिनींनी डब्यावर पदर धरला. अर्धा-पाऊण तास कुणाला कुणाचं तोंड दिसत नव्हतं.

वारा पडला. आम्ही डोळे पुसले. आठल्ये खोकत भांड्याकडे वळले आणि किंचाळले.

भांड्याच्या तोंडावर एक पंचा घट्ट दाबून, मानेभोवती गुंडाळून, गाठ मारलेला होता. ओला पंचा. आता तो लाकडासारखा कडक झाला होता आणि त्यावर बर्फाची पांढरी बुरशी आली होती.

"कुणी केलं हे? कुणी झाकलं? भंवरलाल! दोन वर्षं ओरडतोय मी! दामले, तुम्ही? तुम्हाला तर तीनदा सांगितलं होतं, गणपतीसमोर सांगितलं होतं! अरे, एवढी साधी गोष्ट, शेंबडं पोर लक्षात ठेवील! पाणी आत ठिबकलंय, मान गोठली असणार! कोण तो गाढव?"

भंवरलालने माझ्याकडे पाहिलं, मी वहिनींकडे पाहिलं, वहिनींनी आठल्यांच्या डोक्याकडे पाहिलं. डोकं उघडं होतं.

भंवरलाल खाली मान घालून हळूच म्हणाला, "माटसाब, यो गमछो तो आपको ही छै."

आठल्यांनी डोक्याला हात लावला.

जयपुरातल्या प्रत्येक मराठी घरात आंधीचा एक कायदा असे. धूळ दिसली की आधी पिण्याच्या पाण्याची तोंडं झाका, मग बाकीचं. मालतीवहिनींनी हा कायदा नवऱ्याच्या अंगी इतकी वर्षं मुरवला होता. आंधी आली की हे गृहस्थ वाचत असोत, जेवत असोत, उठून धावत आणि डोक्यावरचा पंचा माठाच्या तोंडाला बांधत. आज हाताला माठ सापडला नाही, हेलियम सापडला. हाताने आपलं काम चोख केलं. डोक्याला कुणी विचारलंच नाही.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "गाठसुद्धा माठाचीच मारलीत."

हसायला मला फुरसत नव्हती. माझ्या डोक्यात चार गुणिले सातशे चाललं होतं. उत्तर येत होतं दोन हजार आठशे, आणि भांडं कमरेएवढं.

आठल्ये एकदम शांत झाले. म्हणाले, "सगळे बाहेर. भंवरलाल, स्टोव्ह पेटवून दारात ठेव आणि तूही जा." त्यांनी तांब्याची एक नळी घेतली, तिचं टोक तापवलं. बेत असा होता की पंचा कापून काढायचा, मग ऊन नळी मानेत सरळ खाली सोडायची. ती बर्फाला भोक पाडील आणि वायूला वाट मिळेल. सावकाश मिळाली तर ठीक.

आम्ही व्हरांड्यात गेलो. वहिनी गेल्या नाहीत.

"अगं, जा ना बाहेर."

"मी इथेच आहे. मला खात्री करून घ्यायचीय, तुम्ही परत काही झाकत नाही ना."

खिडकीतून मला दिसत होतं. पंचा तडतडत सुटला. नळी मानेत उतरली, अडली, पुन्हा तापवली, पुन्हा अडली. तिसऱ्या वेळी नळीतून शिट्टी वाजली आणि पांढऱ्या वाफेचा खांब छताला जाऊन भिडला. पाली पटापट खाली पडल्या. वहिनींनी नवऱ्याचा सदरा मागून मुठीत पकडला होता. वाफ निवेपर्यंत तो त्यांनी सोडला नाही.

अंगठ्याने पुन्हा मोजलं. दोन लिटरहूनही कमी. एकच प्रयत्न होईल इतकं.

तेवढ्यात प्रिन्सिपलसाहेब मिशांवरची धूळ झटकत आले. "हाँ आठल्येजी, क्या दिखेगा?"

"साहब, दिखेगा यह कि कुछ नहीं दिखेगा."

"वह तो दो साल से देख रहे हैं."

काचेच्या उभ्या भांड्यात हेलियम ओतला गेला. मुलामा न दिलेली एक उभी फट होती, तिच्यातून आत दिसत होतं. पाण्यासारखा, पण पाण्याहून हलका, आणि जोरात उकळणारा द्रव. आत वहिनींच्या रेडिओतला तो तपकिरी तुकडा दोन तारांना लटकलेला. पंप सुरू झाला. पंपाने वरचा वायू ओढला की द्रव आणखी गार होतो, आणि वरचा दाब किती उरला ते पाऱ्याच्या नळीवर वाचलं की द्रव किती अंशांवर आहे ते तक्त्यात मिळतं. नळी माझ्याकडे, वीज मोजायचं यंत्र आठल्यांकडे.

"चारशे," मी वाचलं. "दोनशे. शंभर. साठ. बेचाळीस."

आत खळखळाट चालूच होता. अडतीसला मी तोंड उघडलं आणि तो थांबला. एकदम. बुडबुडा नाही, लाट नाही. भांड्यात जणू काहीच नव्हतं, नुसती एक सपाट रेघ.

"बंद पड़ गया?" प्रिन्सिपलसाहेबांनी काळजीने विचारलं.

आठल्ये उत्तर देईनात. एरवी ह्या प्रश्नावर तास गेला असता. ते फटीला डोळा लावून उभे होते, तोंड उघडं, आणि त्यातून काही निघत नव्हतं. शेवटी वहिनीच म्हणाल्या, "नहीं साहब, इन्होंने बताया था. बहुत ठंडा हो जाए तो उबलना छोड़ देता है. चुपचाप ऊपर से उड़ता है."

"आकडा!" आठल्ये भानावर येऊन ओरडले.

"चार. साडेतीन. साडेतीनच्या किंचित वर."

"किंचित म्हणजे?"

"किंचित म्हणजे किंचित. वाचता येत नाही, म्हणून आकडा सांगत नाही."

"शाबास!" त्यांनी तक्ता पाहिला. "दीड! खऱ्या शून्याच्या वर दीड अंश. आणि माझा तुकडा बोलतोय, दामले! घरात शंभर सांगणारा तुकडा इथे हजारांत बोलतोय!"

प्रिन्सिपलसाहेब वाकून, हात मागे बांधून बराच वेळ त्या सपाट रेघेकडे पाहत राहिले. मग सरळ झाले. "कमरा आप का. पर खिड़कियों में शीशे लगवा लीजिए. आँधी आती है."

"और यह," वहिनी तपकिरी तुकड्याकडे बोट करून म्हणाल्या, "मेरे रेडियो का है."

तो तुकडा रेडिओत परत गेला नाही. आठल्यांनी चौड्या रस्त्यावरून नवीन रेडिओ आणला. वहिनींनी त्याचं मागचं झाकण दोरीने बांधून टाकलं.

पुढे वर्षा-दोन वर्षांत माझी बदली झाली. निघताना आठल्ये दांपत्य स्टेशनवर आलं होतं. पुन्हा मे महिना, गाडी दुपारची. वाटेत प्यायला म्हणून वहिनींनी आम्हाला एक नवी सुरई भरून आणली होती. ती खिडकीशी ठेवून मी डब्यात बसलो होतो, गाडीला वेळ होता. आठल्ये मला सांगत होते की दीडच्या खाली एकावर जायचं तर काय काय लागेल, आणि एकानंतर पाव, आणि पावानंतरही शून्य कधी लागत नाही, नुसतं जवळ येत राहतं.

बोलता बोलता वारा उठला. फलाटावर धुळीचा लोट आला. सगळ्यांनी डोळे मिटले. मी किलकिले करून पाहिलं. आठल्यांनी डोक्यावरचा पंचा ओढून काढला होता आणि सुरईच्या दिशेने एक पाऊल टाकलं होतं. मग ते जागच्या जागी थांबले. पंचा दोन्ही हातांत पसरलेला, सुरई समोर, आणि नजर बायकोकडे.

गाडी हलली.

"झाका हो, झाका," वहिनी म्हणाल्या. "ते पाणी आहे."